भयकथा वाचून इंग्रजी सुधारेल का? सुधारेल, पण एकच कथा चार वेळा वाचा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी भुसावळला राहते, वय २४. मूळ गाव साक्री तालुक्यातलं, त्यामुळे घरात अहिराणी. शाळा मराठी माध्यमाची, शिक्षण बी.कॉम. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, आता निवृत्त आहेत. मी एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात केळीच्या गाड्यांचं बुकिंग आणि नुकसानीचे क्लेम बघते. दिल्लीच्या व्यापाऱ्यांचे मेल इंग्रजीत येतात. वाचून कळतात, पण उत्तर लिहायला बसलं की हात थांबतो. ग्रामरची दोन पुस्तकं आणली, दोन्ही अर्ध्यावर पडली आहेत. भुताखेताच्या गोष्टी मात्र लहानपणापासून एका बैठकीत संपवते आणि आजीला सांगतेही. म्हणून जुन्या इंग्रजी भयकथा वाचायच्या ठरवून एडगर ॲलन पोची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ उघडली. प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहीत तीन दिवसांत दीड पान झालं. भाऊ म्हणतो, दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकून मेल लिहिलेस तर लोक हसतील. गोष्टी सोड, ग्रामर कर. मी काय करू?

उत्तर:

ताई, गोष्टी सोडू नका. तुमचा रस्ता बरोबर आहे, पण पहिलंच पाऊल घाटात पडलं. १८३९ सालच्या त्या कथेचं पहिलं वाक्य मोजून बघा. साठ शब्दांचं एकच वाक्य आहे, आणि ‘आय’ हा कर्ता येतो सव्विसाव्या शब्दाला. त्याआधी दिवस कसला, ऋतू कोणता, ढग कसे लोंबत होते हेच चाललेलं असतं. कोण काय करतंय हे कळायच्या आतच वाचणारा दमतो. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांनाही ते वाक्य दोनदा वाचावं लागतं. तेव्हा दीड पानावर अडकलात यात तुमचं काही चुकलं नाही. ती कथा वर्षभरानं वाचायची आहे.

आधी भयकथाच का, ते सांगतो, कारण घरी भावाला उत्तर द्यावं लागेल. भयकथेचं जग लहान असतं. एक घर, दोन-चार माणसं, एक रात्र. दार, जिना, दिवा, वारा, पावलं, श्वास, हात, चेहरा हेच शब्द फिरून फिरून येतात. नवीन शब्द एकदा भेटून लक्षात राहत नाही. थोड्या थोड्या अंतरानं सात-आठ वेळा भेटला की राहतो. कादंबरीत तो पुन्हा भेटायला शंभर पानं जातात, भयकथेत दुसऱ्याच पानावर दार पुन्हा करकरतं. दुसरं कारण म्हणजे भयकथेत काय कधी घडलं याचा क्रम सुटला तर भीतीच वाटत नाही. ‘दार उघडं होतं’, ‘दार कोणीतरी उघडलं होतं’ आणि ‘दार उघडत होतं’ या तिन्हींत केवढा फरक आहे! काळ म्हणजे टेन्स. ग्रामरच्या पुस्तकात तो रुक्ष तक्ता असतो; इथे तो चुकला तर भूत घरात आलं की नाही हेच कळत नाही.

आता सुरुवात. पहिली कथा डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’, म्हणजे माकडाचा पंजा, १९०२ सालची. साधारण चार हजार शब्द, तीन भाग, आणि निम्मी कथा संवादात. म्हातारा बाप, आई, तरुण मुलगा, आणि हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला एक सार्जंट-मेजर. पंजावर मंत्र घातलाय तोही इथल्याच एका फकिरानं. तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या होणार. एवढं तुम्हाला आधीच कळलं तरी काही बिघडत नाही; पुढचं आम्ही सांगत नाही.

मूळ पाठ प्रोजेक्ट गटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि जेकब्स १९४३ साली वारले, त्यामुळे छापून घ्यायलाही अडचण नाही. मात्र नेटवर सोप्या केलेल्या, कापलेल्या आवृत्त्या याच नावानं फिरतात. ओळखायचं कसं? पहिलं वाक्य बघा. ‘विदाउट, द नाइट वॉज कोल्ड अँड वेट’ अशी सुरुवात असेल तर पाठ मूळचा. मोबाइलवर वाचू नका. झेरॉक्सच्या दुकानातून बारा पॉइंटच्या अक्षरात, दीडपट ओळीच्या अंतरानं, कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्या आणि उजवीकडचा एक तृतीयांश कागद कोरा ठेवायला सांगा. पंधराएक पानं होतील. कोरा भाग कशासाठी ते पुढे येतंच.

सुरू करण्याआधी एक चाचणी घ्या. पहिल्या पानावरचे शंभर शब्द मोजा आणि अजिबात माहीत नसलेल्या शब्दांखाली रेघ मारा. पाचपर्यंत आले तर बिनधास्त पुढे जा. सहा ते दहा आले तर जमेल, पण वेग कमी ठेवावा लागेल. दहाच्या वर गेले तर आधी ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेतली याच कथेची सोपी आवृत्ती घ्या. ती पहिल्या पायरीची आहे, म्हणजे साधारण ४०० मूळ शब्दांत बसवलेली. ती दोन दिवसांत वाचून व्हावी आणि मग मूळ कथेकडे यावं. यात कमीपणा वाटून घेऊ नका, कथा माहीत असली की भाषेकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं.

आता मुख्य गोष्ट. चार कथा एकेकदा वाचण्यापेक्षा एक कथा चार वेळा वाचा. तुमची गाडी नेमकी इथेच अडकली होती, कारण चारही वाचनांचं काम तुम्ही पहिल्याच वाचनात उरकायला गेलात.

पहिलं वाचन डिक्शनरीशिवाय. एका भागाला वीस-पंचवीस मिनिटं. अडलं तरी थांबायचं नाही, रेघ मारून पुढे जायचं. संपलं की मराठीत किंवा अहिराणीत तीन ओळी लिहा: कोण, कुठे, काय झालं. तीन ओळी जमल्या की वाचन झालं. चाळीस शब्द अडले असले तरी चालेल.

दुसरं वाचन कानानं. लिब्रीव्हॉक्सवर या कथांची फुकट ध्वनिमुद्रणं आहेत, स्वयंसेवकांनी वाचलेली. एकाच कथेला तीन-चार वाचक असतात. प्रत्येकाची दोन मिनिटं ऐकून ज्याचे शब्द सुटे ऐकू येतात तो निवडा आणि कथा संपेपर्यंत बदलू नका. वेग ०.८ ठेवा. बोट कागदावर, कान आवाजावर. लिहिलेलं आणि बोललेलं किती वेगळं असतं ते इथेच कळतं.

तिसरं वाचन डिक्शनरीसह, पण एका भागात जास्तीत जास्त बारा शब्द. बारा कोणते? जे दोनदा तरी आलेत ते, आणि ज्यांच्यावाचून घटनाच कळत नाही ते. बाकीच्यांना हात लावायचा नाही. अर्थ कधीही शब्दाच्या डोक्यावर लिहू नका. तुम्ही नेमकं तेच करत होतात, आणि ते का घातक आहे ते सांगतो. दुसऱ्यांदा वाचताना डोळा आधी मराठी अक्षर टिपतो आणि खालचा इंग्रजी शब्द न वाचताच सरकतो. दहा वेळा वाचलंत तरी दहाही वेळा मराठीच वाचलेलं असतं. अर्थ उजवीकडच्या कोऱ्या भागात लिहा, कागद घडी करून तो झाकता येईल असा.

चौथं वाचन मोठ्यानं, उभ्यानं. मग कागद बाजूला ठेवून गोष्ट सांगायची. आधी आजीला अहिराणीत, कारण घटनांचा क्रम डोक्यात पक्का झाल्याशिवाय परक्या भाषेत तोंड उघडत नाही. नंतर तीच गोष्ट इंग्रजीत, मोबाइलवर रेकॉर्ड करून. पहिल्या रविवारी पाच वाक्यं, पुढच्या रविवारी दहा, मग तीन मिनिटं. रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येक वेळी एकच चूक शोधा, जास्त नको. एकदा ‘हिज’च्या जागी ‘हर’ कुठे आलं ते बघा, पुढच्या वेळी भूतकाळ सोडून वर्तमानकाळात कुठे घसरलात ते बघा.

रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस. एका कथेला तीन आठवडे. वेळ सकाळची धरा. मे महिन्यातली भुसावळची दुपार वाचायची नसते, आणि दिवसभर बुकिंगचे फोन घेऊन झाल्यावर रात्री डोळा ओळीवर ठरत नाही. रात्री वाचलं की भीती जास्त वाटते हे खरं, पण पुढे काय या ओढीनं वाक्यं गिळली जातात. पहिलं वाचन हवं तर रात्री करा, बाकीची तीन उजेडात.

आता एक वाक्य जवळून बघू, म्हणजे तिसऱ्या वाचनात काय करायचं ते कळेल. (इथे देवनागरीत देतोय, तुमच्या वहीत मात्र रोमन लिपीत, स्पेलिंगसकट उतरवा.) कथेचं हे पहिलंच वाक्य:

‘विदाउट, द नाइट वॉज कोल्ड अँड वेट, बट इन द स्मॉल पार्लर ऑफ लॅबर्नम व्हिला द ब्लाइंड्स वेअर ड्रॉन अँड द फायर बर्न्ड ब्राइटली.’

पहिला शब्दच सापळा आहे. ‘विदाउट’ म्हणजे ‘शिवाय’ हे आपल्याला पाठ असतं. इथे त्याचा अर्थ ‘बाहेर’. जुन्या इंग्रजीत ‘विदिन’ म्हणजे आत आणि ‘विदाउट’ म्हणजे बाहेर. नंतरचा स्वल्पविराम खूण देतो, कारण ‘शिवाय’ या अर्थी असता तर लगेच पुढे ‘कशाशिवाय’ ते आलं असतं. मग ‘पार्लर’. आपल्याकडे पार्लर म्हटलं की ब्यूटी पार्लर. इथे ती घरातली बैठकीची खोली आहे. आणि आता वाक्याचा शेवट बघा. पडद्यांसाठी ‘वेअर ड्रॉन’, आगीसाठी नुसतं ‘बर्न्ड’. पडदे स्वतः ओढले जात नाहीत, कोणीतरी ओढलेत, म्हणून ‘वेअर’ लागलं. आग आपली आपण जळते, म्हणून नाही लागलं. पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात तो हाच, एका वाक्यात शेजारीशेजारी मांडलेला. आता हा साचा उचलून तुमच्या ऑफिसात आणा: ‘द ट्रक वॉज लोडिड ॲट सावदा अँड द ड्रायव्हर लेफ्ट ॲट सेव्हन.’ गाडी भरली गेली, ड्रायव्हर निघाला. मेलमधलं वाक्य तयार.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात कथेतलं वाक्य, दुसऱ्यात त्याचा साचा, तिसऱ्यात तुमच्या कामातलं वाक्य. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी नुसती गोष्ट वाचली, इंग्रजी शिकलात असं धरू नका. याच कथेत म्हातारा म्हणतो, ‘आय डोन्ट नो व्हॉट टु विश फॉर.’ काय मागावं ते कळत नाही. साचा: ‘आय डोन्ट नो व्हॉट टु’ आणि पुढे क्रियापद. ‘आय डोन्ट नो व्हॉट टु राइट’, ‘आय डोन्ट नो व्हॉट टु टेल द पार्टी’. मराठीतून शब्दशः गेलं की ‘व्हॉट आय शुड राइट दॅट आय डोन्ट नो’ असं काहीतरी होतं. साचा तोंडात बसला की ते आपोआप थांबतं.

आणि तुमच्या क्लेमच्या कामासाठी तर दुसऱ्या भागात खजिनाच आहे. एका कंपनीचा माणूस घरी येतो. त्याच्या बोलण्यात ‘डिसक्लेम ऑल रिस्पॉन्सिबिलिटी’ येतं, ‘दे ॲडमिट नो लायबिलिटी ॲट ऑल’ येतं, आणि ठरावीक रक्कम ‘ॲज कॉम्पेन्सेशन’ देऊ केली जाते. जबाबदारी नाकारणं, दायित्व मान्य न करणं, भरपाई म्हणून रक्कम देणं: वाटेत केळी पिकून काळी पडली की दोन्ही बाजूंच्या मेलमध्ये आजही हेच शब्द असतात. कथा १९०२ ची आहे, पण या तीन शब्दसमूहांना धूळ लागलेली नाही.

यावरून भावाच्या मुद्द्याकडे येऊ. त्यांची भीती निम्मी खरी आहे. जुन्या कथेतलं सगळंच वापरायचं नसतं, धान्य सुपात पाखडतात तसं पाखडून घ्यावं लागतं. तीन ढीग करा. पहिला उडून जाऊ द्यायचा. सार्जंट-मेजरचं वर्णन ‘रुबिकंड ऑफ व्हिझिज’ असं आहे, म्हणजे तांबूस चेहऱ्याचा. हे शब्द समजले नाहीत तरी गोष्ट अडत नाही आणि मेलमध्ये आले तर समोरचा बुचकळ्यात पडेल. दुसरा ढीग समजून घ्यायचा पण वापरायचा नाही. ‘बाहेर’ या अर्थाचा ‘विदाउट’, ‘ऐक’ या अर्थाचा ‘हार्क’, ‘विलक्षण’ या अर्थाचा ‘सिंग्युलर’, ‘मला आवडेल’साठी ‘आय शुड लाइक’ (आज आपण ‘आय वुड लाइक’ लिहितो), आणि ‘भयानक’ या अर्थाचा ‘टेरिफिक’, ज्याचा अर्थ आज ‘झकास’ असा उलटा झालाय. तिसरा ढीग ठेवायचा, आणि तो सगळ्यात मोठा निघतो. ओळखायला सोपी युक्ती आहे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या लर्नर्स डिक्शनरीत शब्दापुढे शिक्का असतो. ‘ओल्ड-फॅशन्ड’ किंवा ‘लिटररी’ असेल तर वहीत कंस करून ठेवा. ‘फॉर्मल’ असेल तर मेलमध्ये चालतो. शिक्काच नसेल तर कुठेही वापरा.

दुसरी कथा पोचीच, पण ‘द टेल-टेल हार्ट’, १८४३ ची. बावीसशेच्या आसपास शब्द. लेखक तोच असूनही वाक्यं तुटक, श्वास लागल्यासारखी, कारण बोलणारा माणूस स्वतः वेडा नसल्याचं पटवून देतोय. सुरुवातीलाच तो म्हणतो, ‘नर्व्हस आय हॅड बीन अँड ॲम’. मी तसा होतो आणि अजूनही आहे. दोन काळ एका दमात. ही कथा मनात वाचण्यात अर्थ नाही, ती मोठ्यानंच वाचायची. जिथे आडवी रेघ आहे तिथे थांबा, पोनं त्या रेघा श्वासासाठीच ठेवल्यात. इथून एक साचा नक्की उचला: ‘इट टुक मी ॲन अवर टु…’ मला अमुक करायला एक तास लागला. आपल्याकडे याचं हमखास ‘आय टुक वन अवर टाइम’ होतं. ‘इट टुक अस थ्री अवर्स टु अनलोड द ट्रक’ असं दहा वेळा म्हणा.

मोठ्यानं वाचताना मराठी जिभेची एक सवय सुधारायला लागते. भयकथा भूतकाळातल्या असतात, म्हणजे ओळीओळीला ‘-ई डी’ लागलेलं क्रियापद. आपण सरसकट ‘एड’ म्हणतो: नॉकेड, स्क्रीमेड. खरे उच्चार तीन आहेत. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच ‘इड’: हॉन्टिड, वेटिड, लोडिड. शेवटी क, प, स, श, च, फ असेल तर नुसता ‘ट’: नॉक्ट, क्रीक्ट. बाकी सगळीकडे ‘ड’: स्क्रीम्ड, व्हिस्पर्ड, ओपन्ड. तिसऱ्या वाचनात प्रत्येक क्रियापदावर यांपैकी एक अक्षर टाका. दोन कथांत जीभ वळते. लिहिलेली पण न बोललेली अक्षरंही याच कथांत भरपूर भेटतात: ‘नॉक’मधला के, ‘टूम’मधला शेवटचा बी, ‘लिसन’मधला टी.

आवाजांचे शब्द शिकायला मराठी माणसाला विशेष सोपं जातं, कारण आपल्या भाषेत आवाजांना तोटा नाही. ‘मंकीज पॉ’मध्ये एक वाक्य आहे: ‘अ स्टेअर क्रीक्ट, अँड अ स्क्वीकी माउस स्करीड नॉइझिली थ्रू द वॉल.’ पायरी करकरली आणि चिरक्या आवाजाचा उंदीर भिंतीतून खुडबुडत पळाला. क्रीक म्हणजे करकर, स्क्वीक म्हणजे चिरकणं, रसल म्हणजे सळसळ, थड म्हणजे धपकन, नॉक म्हणजे ठकठक, व्हिस्पर म्हणजे कुजबुज. हे पाठ करू नका. घरात तो आवाज झाला की शब्द म्हणा. वादळात केळीची पानं वाजली की रसल, जुन्या दाराची बिजागरी वाजली की क्रीक.

तिसरी कथा तर तुमच्या घरचीच आहे. चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’, १८६६ ची, पाचेक हजार शब्दांची. खोल कटिंगमध्ये (रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीत), बोगद्याच्या तोंडाशी एकटाच ड्यूटी करणारा सिग्नलवाला, लाल दिवा, घंटी, झेंडा, तार. हे शब्द भुसावळला डिक्शनरीत बघायची गरज नाही, वडिलांना विचारा. फरक मात्र टिपून ठेवा. आपल्या रेल्वेत जिला केबिन म्हणतात तिला कथेत ‘बॉक्स’ म्हटलंय. आपल्याकडे अप आणि डाउन या गाड्यांच्या ठरलेल्या दिशा. कथेत सिग्नलवाला ‘डाउन द लाइन’ बघतो तेव्हा तो फक्त रुळांच्या दिशेनं दूरवर बघतोय. वर कड्यावरून हाक आलेली असताना तो वर न बघता तिकडे का बघतो, यातच कथेची गाठ आहे.

डिकन्स स्वतः ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात सापडले होते. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते आणि लाल झेंडा घेऊन उभा केलेला माणूस नियमातल्या अंतरापेक्षा खूपच जवळ उभा होता. इशारा मिळूनही गाडी वेळेत थांबू शकली नाही. दहा माणसं गेली. वडिलांना हे सांगा, ते त्यावर अर्धा तास बोलतील, आणि ते ऐकून झाल्यावर कथेतला लाल दिवा तुम्हाला वेगळाच दिसेल.

या कथेतून व्याकरणाचा एकच धडा घ्या. ‘व्हेन ही हर्ड अ व्हॉइस… ही वॉज स्टँडिंग ॲट द डोअर ऑफ हिज बॉक्स.’ उभं राहणं आधीपासून चालू होतं, हाक मध्येच आली. चालू असलेल्याला ‘वॉज’ आणि ‘-इंग’, मध्येच घडलेल्याला साधा भूतकाळ. ‘व्हेन यू कॉल्ड, वी वेअर लोडिंग द ट्रक.’

चौथी, शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’, १८९२ ची. साधारण सहा हजार शब्द, पण डायरीच्या रूपात, आखूड परिच्छेदांत, आणि भाषा आजच्या सगळ्यात जवळची. आजारी ठरवून एका खोलीत ठेवलेली बाई लिहितेय. नवऱ्याबद्दल ती लिहिते की तो फार काळजी घेतो ‘अँड हार्डली लेट्स मी स्टर विदाउट स्पेशल डायरेक्शन’. इथे ‘विदाउट’ आपला ओळखीचा, ‘शिवाय’ या अर्थाचा. आणि ‘हार्डली’ म्हणजे ‘जोरात’ किंवा ‘कष्टानं’ नव्हे, ‘जवळजवळ नाहीच’. सांगितल्याशिवाय मला हलूही देत नाही. ‘आय वर्क हार्डली’ लिहिलंत तर ‘मी कामच करत नाही’ असा अर्थ होतो, अर्जात ही चूक महागात पडते. कथा मनाला लागणारी आहे, मन जड असेल त्या आठवड्यात घेऊ नका.

ग्रामरची पुस्तकं फेकू नका. एका कथेला एकच प्रकरण जोडा: पहिलीला पॅसिव्ह, दुसरीला ‘हॅड’चा भूतकाळ, तिसरीला चालू भूतकाळ, चौथीला साधा आणि पूर्ण वर्तमानकाळ. आधी कथेत दहा वाक्यं सापडू द्या, मगच नियम वाचा.

या वाटेनं काय येणार नाही तेही सांगायला हवं. फोनवर भरभर बोलणाऱ्याचं ऐकणं, आकडे, दर, तारखा यांचं इंग्रजी कथांतून येत नाही. त्यासाठी रोज आलेल्या मेलपैकी एक निवडा, त्यातली दोन वाक्यं त्याच तीन रकान्यांच्या वहीत घ्या. चार कथा मिळून तीन महिने लागतील. वाचनातला फरक दुसऱ्या कथेलाच जाणवेल, लिहिण्यातला त्यानंतर. बोलायला सगळ्यात उशीर लागतो, म्हणून रविवारचं रेकॉर्डिंग चुकवू नका.

या आठवड्यात एवढंच करा. सोमवारी झेरॉक्स आणि शंभर शब्दांची चाचणी. मंगळवारी पहिल्या भागाचं पहिलं वाचन. तो भाग तिन्हींत लांब आहे, दोन दिवस लागले तरी चालतील. गुरुवारी ऐकणं. शुक्रवार-शनिवारी बारा शब्द आणि तीन रकाने, निदान सहा वाक्यं. रविवारी मोठ्यानं वाचून आजीपुढे बसा आणि पंजा आगीतून बाहेर काढला जातो तिथपर्यंतच सांगून थांबा. ‘मंग काय व्हयनं?’ असं त्यांनी विचारलं की दुसरा भाग उघडा.